शिरालगात दिलेलं पीस

ओमुरझाकला वाट विचारावी आणि त्यानं ती सरळ सांगावी, असं तोरू-बुलाक गावात कधी घडलं नाही. कुणी नवख्यानं झरा कुठे आहे विचारलं, तरी तो आधी आभाळाकडे बघायचा, मग डोंगराकडे, आणि म्हणायचा, "असेल इकडंच कुठंतरी." त्याची बायको झीनात आल्यागेल्याला सांगायची, "आमच्या म्हाताऱ्याला त्याच्याच घराचा पत्ता विचारा, तरी आधी तुम्ही कुणाचे कोण ते काढेल."

त्याला तरी काय बोल लावणार? तो शिकारी पक्षी पाळणारा, त्याचा बाप तसाच, आजाही तसाच. ह्या लोकांत घरटं कुरणासारखं वारशानं येतं. फरक इतकाच की कुरण सगळ्यांना दिसतं. कुठल्या कड्यावर गरुड बसतो, कुठल्या कपारीत ससाण्याची मादी अंडी घालते, हे बाप मुलाला सांगतो. एकदाच सांगतो, तेही मुलगा वीस वर्षांचा झाल्यावर. ओमुरझाकच्या बापानं ते स्वतःच्या बायकोला सांगितलं नव्हतं, आणि ही गोष्ट ओमुरझाक दर मेजवानीत सांगायचा. कुठली घरटी ते मात्र नाही. त्याबाबत तो ताकास तूर लागू द्यायचा नाही.

घरट्याचे नियमही बापाकडूनच आलेले. एकच पिलू घ्यायचं. लोभ फारच सुटला, तरी एक मागं ठेवायचंच. रिकामं घरटं हा शाप. घेतलेला पक्षी दहा हिवाळे पाळायचा, आणि मग एक मेंढी कापून, चार माणसं जेवू घालून त्याला डोंगरात सोडून द्यायचं. ओमुरझाकनं असे पाच पक्षी सोडले होते. शेवटची गरुडीण सोडली तेव्हा तो इतका रडला की झीनातनं सगळ्यांसमोर विचारलं, "मी मेल्यावर एवढा रडशील का रे?" आणि तो म्हणाला होता, "तू काही उडून दाखवलं नाहीस कधी."

पण मग काळ बदलला. परके लोक मोटारी घेऊन आले, कबुतरांच्या पाठीवर फासे बांधून ससाणे धरू लागले, कापडात गुंडाळून गरम वाळूच्या देशांत नेऊ लागले. पंधरा वर्षांत आसपासचे सगळे कडे ओस पडले. राहिलं ससाण्याचं एकच घरटं, तांबड्या घळीतलं, ओमुरझाकच्या बापानं त्याला दाखवलेलं. तिथून त्यानंही पिलू उचलणं कधीच बंद केलं होतं. वर्षाला दोन-तीनदा तो नुसता बघून यायचा.

आता तो अडुसष्ट वर्षांचा, गुडघे गेलेले. मुलगा मॉस्कोत लॉरी चालवतो आणि फोनवर विचारतो, "आके, तुमच्या कोंबड्या कशा आहेत?" त्याला काय घरटं सांगणार? आणि न सांगता मेलो तर? ह्या विचारानं म्हाताऱ्याची झोप उडाली होती.

अशात बेगायिम त्यांच्याकडे उतरायला लागली. शहरातली, बिश्केकची पोरगी, गळ्यात दुर्बीण, पायात भावाचे असावेत असे मोठे बूट. वसंतात यायची, झीनातच्या हातचे बोरसोक, तळलेल्या कणकेचे गोळे, मूठभर खिशात कोंबून डोंगर चढायची, आणि संध्याकाळी वहीत पक्षी मोजून लिहायची. पहिल्या वर्षी ओमुरझाक तिच्याशी बोललाच नाही. दुसऱ्या वर्षी त्यानं टोमणा मारला.

"पोरी, तुम्ही लोक पक्षी मोजता आणि जगभर दवंडी पिटता. चोराला आता पायपीट करायला नको, फोन उघडला की झालं."

"खरंय, आके," ती म्हणाली. "म्हणून मी दुर्मीळ पक्ष्याची जागा लिहितच नाही. फक्त जिल्हा लिहिते. आमच्यातलेच लोक मला चिक्कू म्हणतात. म्हणतात, आम्ही काय तुझा पक्षी खाणार आहोत का?"

"मग? बरोबरच म्हणतात."

"शंभर लोक बघायला गेले तरी मादी अंड्यांवरून उठते, आके. खायची गरजच नाही. आणि तुम्ही हो? तुम्हीपण पिलं काढलीतच की."

"काढली, आणि सोडली. तुझ्या मोजण्यानं एक तरी पक्षी वाढला का?"

"नाही. पण कमी होताहेत हे कळलं. तुम्हाला माहीत होतं, पण तुम्ही कुणाला सांगितलं?"

ओमुरझाकनं स्वतः तिच्या वाटीत चहा ओतला, आणि झीनातला जाणवलं की पोरगी म्हाताऱ्याला आवडली आहे.

तिसऱ्या वर्षी, मे महिन्यात, एका पहाटे त्यानं बेगायिमला उठवलं आणि काही न सांगता घेऊन निघाला. तांबड्या घळीच्या समोरच्या उतारावर दोघं पालथी पडली. कपारीत मादी बसली होती, भुरी, छाती ठिपक्यांची. तासभर पोरीनं कॅमेरा बाहेरच काढला नाही. मग हळूच विचारलं, "एक काढू?" त्यानं मान डोलावली. मादी आपणहून उडाली आणि घळीवर वळली, मागे नुसतं आभाळ होतं, तेवढ्यात तिनं एकच फोटो काढला.

"हा कुणाला दाखवशील?"

"कुणालाच नाही. मलाच बघायला."

"माझ्या बापानं माझ्या आईला सांगितलं नव्हतं," ओमुरझाक म्हणाला. "मी मेलो की तू येत जा. नुसती बघून जात जा."

उतरताना त्याला एकाच वेळी हलकंही वाटत होतं आणि भीतीही वाटत होती. आपण वारसा मुलीच्या हाती दिला, तीही परक्या मुलीच्या. बाप असता तर काय म्हणाला असता?

जूनच्या पहिल्या आठवड्यात तो एकटाच पुन्हा जाऊन आला. चार पिलं! चार, इतक्या वर्षांनी. पांढऱ्या लोकरीच्या गोळ्यांसारखी ती कपारीच्या काठावर एकमेकांना ढकलत होती. म्हातारा तिथेच बसून हसला. कड्याच्या पायथ्याशी त्याला मादीच्या पंखातलं एक लांब पीस सापडलं. ते त्यानं टोपीत खोवलं आणि गुडघ्यांची कुरकुर विसरून खाली आला.

पुलापाशी एक मोटार बॉनेट उघडून उभी होती आणि जेकशेन इंजिनात डोकं घालून बसला होता. हा जेकशेन ओमुरझाकचा एकुलता एक शिष्य. पंधरा वर्षांपूर्वी तीन हिवाळे त्याच्या घरी राहिलेला, झीनातच्या हातचं जेवलेला, पक्ष्याला मांस कसं भरवायचं, उपाशी किती ठेवायचं, हे सगळं ह्याच अंगणात शिकलेला. पुढे तो मोटारीवर गेला. इकडचा माल तिकडे नेतो म्हणायचा. कसला माल ते कुणी विचारलं नाही.

म्हाताऱ्याला बघून त्यानं काळे हात पसरले आणि ओरडला, "शिरालगा, आके! शिरालगा!"

शिकारीहून परतणारा माणूस वाटेत भेटला की हा शब्द टाकायचा. मग शिकाऱ्यानं हातातल्या शिकारीतून काहीतरी द्यायचंच, ससा असेल तर ससा, कोल्हा असेल तर कोल्हा. नाही म्हणता येत नाही, आणि दिलेलं परत मागता येत नाही. शिरालगा नाकारणाऱ्याचा पक्षी पुढच्या वर्षी आंधळा होतो, असं म्हातारे सांगतात. जूनमध्ये शिकार नसते, जेकशेन नुसती थट्टा करत होता. पण शब्द तो शब्द, आणि तो रिकाम्या हातानं परत पाठवायची ओमुरझाकच्या घराण्यात रीत नव्हती. त्यात आज आनंद त्याच्या पोटात मावत नव्हता. त्यानं टोपीतलं पीस काढलं आणि जेकशेनच्या हातावर ठेवलं.

"घे! आज हीच माझी शिकार."

जेकशेननं पीस उलटंपालटं केलं, लांबी बोटांनी मोजली. "मादी," तो म्हणाला.

"मादीच," म्हातारा अभिमानानं म्हणाला.

जेकशेननं त्याच्या बुटांकडे एकदा पाहिलं, पीस कपाळाला लावलं आणि आत मोटारीत नेऊन ठेवलं. घरी गेल्यावर झीनात ओरडली, "ती तांबडी माती आत आणू नकोस! कालच सतरंजी झटकलीय." ओमुरझाक हसतच होता.

बारा दिवसांनी तो पुन्हा गेला. समोरच्या उतारावरूनच त्याला दिसलं की कपारीच्या काठावर एकच पिलू आहे. मादी घळीवर गोल गोल फिरत ओरडत होती. तो पायथ्याशी गेला. वर कड्याच्या कडेला दोरानं घासलेला ताजा पांढरा पट्टा होता. तीन पिलं गेली होती. म्हातारा त्या दगडांत खाली बसला.

घरी येऊन त्यानं झीनातला सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं तिला घरट्याबद्दल काही सांगितलं, आणि ते हे.

"एक का ठेवलं?" झीनातनं विचारलं.

"काय?"

"चोरानं एक पिलू का ठेवलं? चोर कुठे असं करतो?"

"हात पोचला नसेल!" तो खेकसला. "त्या पोरीनं केलं हे. तिच्या त्या फोटोनं. तिच्याशिवाय कुणाला माहीत होतं?"

झीनात त्याच्या बुटांकडे बघत राहिली, पण बोलली नाही. पन्नास वर्षांच्या संसारात कुठे गप्प बसायचं ते ती शिकली होती. ह्या वेळी मात्र तिनं गप्प बसायला नको होतं.

जूनच्या शेवटी गावात कुणाच्यातरी नातवाला पाळण्यात घालायचा समारंभ होता. सगळं गाव जमलेलं. नेमकी त्याच दिवशी बेगायिम आली, सोबत म्हाताऱ्यासाठी शहरातून गुडघ्याचं मलम घेऊन. ओमुरझाक पंगतीतून उठला.

"आली बघा! माझ्या घरचं मीठ खाल्लं आणि माझीच पिलं विकली! बापजाद्यांचं घरटं हिला दाखवलं आणि हिनं ते फोनमध्ये घालून बाजारात मांडलं!"

पोरीनं फोन काढून त्यात उतरवून घेतलेला तो फोटो पुढे धरला. "आके, बघा तरी. मागे फक्त आभाळ आहे. कड्याचा एक दगड दिसत नाही. आणि हा मी कुणालाच पाठवला नाही."

त्यानं बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं, पण रागावलेल्या माणसाला पुरावा नको असतो, माणूस हवा असतो.

"आके," ती अगदी हळू म्हणाली, "मी कुणाला सांगितलं नाही. तुम्ही सांगितलंत का कुणाला?"

"मी? माझ्या बापानं माझ्या आईला सांगितलं नव्हतं!"

लोक हसले, कुणी पोरीची हुर्यो उडवली. गावच्या प्रमुखानं जाहीर करून टाकलं की ह्यापुढे दुर्बीणवाल्यांना तोरू-बुलाकमध्ये कुणी घरात घ्यायचं नाही. तेवढ्यावर न थांबता त्यानं शहरात तिच्या पक्षी मोजणाऱ्या मंडळींना पत्रही धाडलं, आणि तिच्या मंडळींनी ते खरं मानून घरटी मोजायच्या कामातून तिला काढून टाकलं. मलमाची ट्यूब झीनातच्या उंबऱ्यावर राहिली. ती कुणी वापरली नाही आणि कुणी फेकलीही नाही.

उरलेलं पिलू जुलैत उडालं. ओमुरझाक बघायला जायचा, पण पूर्वीसारखा हसायचा नाही. झीनातचा प्रश्न त्याच्या डोक्यात खडा अडकावा तसा अडकला होता. एक का ठेवलं? त्या प्रश्नाकडे तो सरळ बघायचाच नाही. चांगला माणूस हट्टाला पेटला की असाच वागतो.

ऑक्टोबरात गावाच्या वरच्या माळावर शिकारी पक्ष्यांचा मेळा भरला. घोडे, कुत्री, टोप्या घातलेले गरुड, मोठ्या कढया. दुपारी जेकशेन आला, नव्या पांढऱ्या मोटारीतून, आणि मेळ्याच्या बक्षिसासाठी मेंढा घेऊन. मोटारीच्या आरशाला ते पीस दोऱ्यानं टांगलं होतं.

ओमुरझाकनं ते पाहिलं. तो मोटारीपाशी गेला.

"जेकशेन. ती पिलं तू नेलीस?"

जेकशेननं इकडेतिकडे पाहिलं आणि प्रेमानं म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आके, हळू बोला. तुम्हीच तर दिलीत."

"मी पीस दिलं!"

"पीस म्हणजेच घरटं, हे कुणी शिकवलं मला? तुम्हीच. मादी अंड्यांवर बसली की पंखातलं पीस गाळते, पीस ताजं असेल तर घरटं जवळ आहे. तुमच्या बुटांना तांबडी माती होती. तांबडी माती ह्या खोऱ्यात एकाच घळीत आहे. मी म्हटलं, आके आता थकले, मुलगा मॉस्कोत, म्हणून शिष्याला वारसा दिला. तोंडानं सांगायचं नाही म्हणून शिरालगात दिला. केवढी नजाकत!"

"विकलीस तू. आकाशातली तीन पिलं विकलीस."

"आणि एक ठेवलं," जेकशेन म्हणाला. तो थट्टा करत नव्हता, आणि हेच भयंकर होतं. "तुमचा नियम मोडला नाही मी. एक मागं ठेव म्हणाला होतात, ठेवलं. दिलेला शिरालगा परत मागता येतो का, आके?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ. म्हातारा मोटारीला टेकून उभा राहिला. सगळं त्याच्याच घरातून गेलं होतं. पीस त्याचं होतं, पीस वाचायची विद्या त्याची होती, आणि मागं उरलेलं एक पिलूसुद्धा त्याच्याच शिकवणुकीचं होतं. चार महिने तो चोर सोडून संन्याशाला फाशी देत बसला होता.

तो कढयांपाशी गेला. तिथे गावचा प्रमुख आणि चार म्हातारे चहा पीत होते. उभ्या उभ्याच त्यानं सगळं सांगितलं: पूल, पीस, माती, जेकशेन. "पोरगी निर्दोष आहे. घरटं मी फोडलं. ह्या तोंडानं नाही, ह्या हातानं."

एकजण हसला. "अरे ओमुरझाक, एका पिसानं कुठं घरटं कळतं? वयानं डोकं फिरलंय तुझं."

"पोरीचा पुळका आलाय," दुसरा म्हणाला.

प्रमुखानं त्याचा हात धरून बाजूला नेलं. "आके, ऐका माझं. ती शहरातली, गेली, विसरली. जेकशेन आपला पोरगा आहे, आज मेंढा त्यानं दिलाय. आपल्या माणसाचं नाव चव्हाट्यावर आणून तीन पिलं परत येणार आहेत का? बसा, चहा घ्या."

म्हाताऱ्याला चहा दिला गेला. आयुष्यभर काही न सांगणारा म्हणून ज्याचा मान होता, त्यानं आज पहिल्यांदा सगळं सांगितलं, आणि कुणाला ते ऐकायचंच नव्हतं. त्यानं चहा गवतावर ओतला आणि घरी चालत निघाला.

झीनात दारात बसून मक्याचे दाणे काढत होती. त्यानं तिला सांगितलं. ती म्हणाली, "मला बुटांची माती आठवत होती."

"मग बोलली का नाहीस?"

"तू ऐकलं असतंस?" मग ती स्वतःच म्हणाली, "तरी बोलायला हवं होतं." तिनं आपला फोन पुढे केला. "आहे तिचा नंबर. लाव."

बराच वेळ घंटी वाजली. मग बेगायिमचा आवाज आला, कोरडा. "बोला, अपा."

"अपा नाही. मी आहे. फोन ठेवू नकोस, पोरी."

त्यानं सांगितलं. मध्ये मध्ये थांबला, पण काही गाळलं नाही. शेवटी म्हणाला, "मी शहरात येतो. तुझ्या मंडळींसमोर उभा राहतो, जेकशेनचं नाव घेतो, माझंही घेतो. लिहून मागितलं तर लिहून देतो. मी कधी कुणाला काही लिहून दिलेलं नाही, पण हे देईन. तुझं काम तुला परत मिळालं पाहिजे."

पलीकडून रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज आला. मग नाक ओढल्याचा.

"या," ती म्हणाली. "या तुम्ही. मला त्याची गरज आहे, आके. इथं कुणी माझ्याशी बोलत नाही."

"उद्याच निघतो. माफ कर मला, पोरी."

माफ केलं, असं ती म्हणाली नाही. तिनं विचारलं, "ते एक राहिलं होतं ना. ते उडालं का?"

"उडालं!" म्हाताऱ्याचा आवाज एकदम उजळला. "जुलैत उडालं. मादी आहे, मोठी झालीय, आईसारखीच भुरी. परवाच दिसली मला. आता ती त्या—"

"नको," बेगायिम म्हणाली. "कुठे ते सांगू नका, आके. मलासुद्धा नको."

जागेचं नाव त्याच्या जिभेवर आलेलं होतं. ओमुरझाकनं तोंड मिटलं.